दाराचं वाक्य

तिचं खरं नाव नाटक मंडळीत कोणाच्या लक्षात नसे. सगळे तिला कुजबूज म्हणत. डाव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसून ती नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, आणि तीही इतक्या हळू की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, पंखा कुरकुरतोय. तिचा नवरा त्याच नाटकात दूत होता. दुसऱ्या अंकात धावत यायचं, एक वाक्य बोलायचं आणि मान खाली घालून परत जायचं. शिवाय तो मुख्य भूमिकेचा बदली नट होता. मुख्य नट आजारी पडला तर याने उभं राहायचं. पण मुख्य नट कधी आजारी पडतच नसे. सर्दीसुद्धा तो सुट्टीच्या दिवशी उरकून घ्यायचा. त्यामुळे नवऱ्याचं नावच बदली पडलं. एकीचं बोलणं कोणाला ऐकू जाता कामा नये आणि दुसऱ्याचं कोणी कधी ऐकलंच नाही, असा हा जोडा. जमवणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

नाटक जुनं होतं. एका प्रधानाची शोकांतिका. पहिल्या अंकात आंधळा नावाडी त्याला नदीपार नेताना सांगतो, "मुकुट तुझ्याकडे आपल्या पायांनी चालत येईल." झालं, एवढंच. त्या एका वाक्यापायी पुढचे सगळे अंक माणसं मरत राहतात. मुकुट चालत येणार म्हटल्यावर माणसाने घरी स्वस्थ बसावं की नाही? पण याला कुठला दम निघायला. एका पहाटे तो राजाच्या शयनघराशी जातो, दार उघडतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. शेवटी मुकुट डोक्यावर असतो आणि राज्यात मुजरा करायला कोणी उरलेलं नसतं. तेव्हा तो म्हणतो, "नावाड्या, तुझं खरं झालं. पण दार मी उघडलं." यावर पडदा. लोक हे वाक्य तोंडात घोळवत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी जे करायचं तेच करतात.

प्रधानाचं काम करणाऱ्या मुख्य नटाला सगळे महाराज म्हणत. ते इतकी वर्षं ही भूमिका करत आले होते की मुकुट तोच राहिला आणि डोकं बारीक झालं. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी मुकुटाच्या आत कापूस भरायच्या, तेव्हा कुठे तो कपाळावर थांबायचा. गेल्या काही दिवसांत महाराज विसरायलाही लागले होते. साधी वाक्यं नाही, मोठी, पाठीच्या कण्यासारखी वाक्यं त्यांच्या तोंडून निसटायची. पण हे फक्त कुजबुजीला माहीत होतं, कारण दोघांत एक खूण ठरली होती. महाराज मुद्दाम थांबत तेव्हा त्यांचे हात मोकळे असत. वाक्य हरवलं की डाव्या अंगठ्याने ते बोटातली अंगठी फिरवत. अंगठी फिरली की तिने द्यायचं, नाही फिरली तर श्वासही घ्यायचा नाही. नवी असताना तिने एकदा त्यांच्या विरामात वाक्य घुसडलं होतं. प्रयोगानंतर ते तिला म्हणाले होते, "बाई, ती माझी शांतता होती. तुला हवी तर दुसरी आण." तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

सगळं सुरू झालं ते मावशींमुळे, आणि मावशींना त्याचा पत्ताही नव्हता. एका दुपारी त्यांनी मुकुट उसवायला घेतला, कापूस काढला आणि जवळ दुसरं डोकं नव्हतं म्हणून बदलीच्या डोक्यावर ठेवून पाहिला. तो असा काही बसला की मावशींच्या तोंडातली टाचणी पडली.

"तुझ्यासाठीच बेतलाय जणू," त्या म्हणाल्या. "येईल रे तुझ्याकडे. येईल आपल्या पायांनी."

मावशी सगळ्यांनाच असं काहीतरी बरं बोलतात. पण बदली त्या दिवशी घरी आला तो चालत नव्हता, तरंगत होता. त्यातच त्याच आठवड्यात दिग्दर्शकाने तालमीनंतर त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "महाराज हल्ली थकलेत. एकदा जरी सगळ्यांसमोर अडकले, तर पुढच्या प्रयोगापासून तू."

त्या दिवसापासून त्यांच्या दोन खोल्यांत प्रधान राहायला आला. बदली भांडी घासताना राजाचा खून करी. दाढी करताना आरशाला नावाडी म्हणे. कुजबूज भाजी चिरता चिरता पुढचं वाक्य देई, आणि दुपारी डोळा लागला की तिला नदी दिसायची. नदीत पाणी नव्हतं, पडद्याचं निळं कापड होतं, आणि त्यावरून मुकुट चालत यायचा. लहान मुलाची पावलं होती त्याला. तो दाराशी येऊन थांबायचा आणि ती उठून दार उघडायला जायची, तोच तिला जाग यायची. जागी झाल्यावर हात खरंच कडीवर असल्यासारखा गार लागायचा.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. निघण्यापूर्वी बदली चपला घालता घालता थांबला.

"मी तुला काही कर असं म्हणत नाहीये," तो म्हणाला.

"मग काय म्हणतोयस?"

"काहीच नाही."

"काहीच नाही तर बोललास कशाला?"

तो चपलेचा पट्टा लावत बसला. पट्टा केव्हाच लागला होता. "तू मला किती वर्षं वाक्यं देतेयस," तो हळूच म्हणाला, "एकदा तरी ती मला लोकांसमोर म्हणायचीयत. एवढंच."

तिला त्याची फार माया आली. त्याच्यावर तिचं प्रेम होतं, यात काही गुपित नाही. दुसऱ्या अंकातलं त्याचं ते एक वाक्य ऐकताना दर वेळी तिचे ओठ हलत, जणू पडलं तर झेलता यावं.

दुपारच्या प्रयोगाला नाट्यगृह नेहमीच झोपेत असल्यासारखं वाटतं. बाहेर लख्ख ऊन, माणसं डोळे चोळत आत येतात आणि अंधारात बसली की आपण कुठून आलो हेच विसरतात. कुजबूज स्टुलावर बसली. तिच्या मांडीवर संहिता होती, पण पानं ती उगाच उलटायची. सगळं पाठच होतं. संहितेवर सोडलेला छोटा दिवा तिच्या हनुवटीला ऊब देत होता. नावाडी आला, नदी झाली, पहाट झाली, राजा मेला. दूत आला, वाक्य बोलला, गेला. धुळीचे कण दिव्याच्या झोतात खाली न पडता तसेच हिंडत होते, आणि तिला वाटत होतं की आज काहीच होणार नाही, आजही सगळं ठरल्यासारखं होईल आणि आपण घरी जाऊ. असं वाटल्यावर तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

शेवटचा प्रवेश. मागे शयनघराचं दार तसंच उभं. महाराज मध्यभागी आले. झगा त्यांना मोठा होत होता.

"नावाड्या," ते म्हणाले, "तुझं खरं झालं."

आणि थांबले.

हा विराम नाटकात होता. ती वाट पाहत राहिली. मग तिला त्यांचा डावा हात दिसला. अंगठा हलला. अंगठी फिरली.

वाक्य तिच्या तोंडात आलं होतं. जिभेच्या टोकावर, ओठांच्या आत, तयार. नुसता श्वास सोडायचा होता. ती काही करणार नव्हती. ती फक्त काही करणार नव्हती. कोणी विचारलं तर म्हणता येईल, मला वाटलं विराम आहे. नाही तरी म्हातारा विसरणारच होता, आज नाही तर उद्या. त्याच्या नशिबात विसरणं होतं आणि दुसऱ्या कोणाच्या नशिबात मुकुट. नशिबाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही टाकलं तरी ते परत करायला येत नाही.

अंगठी पुन्हा फिरली. महाराजांनी विंगेकडे पाहिलं. तिने संहितेत डोकं घातलं.

नाट्यगृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. शांतता मोठी होत होत गेली. मग तिला लाकडावर पावलं वाजल्याचं ऐकू आलं. महाराज चालत होते. का चालत होते ते त्यांनाही माहीत नसावं. वाक्य गेलं होतं, पण त्या वाक्यात एक दार होतं एवढं कुठेतरी शिल्लक राहिलं असावं. ते मागच्या दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि दार उघडलं.

दारामागे बदली उभा होता.

तो फटीतून बघत होता. महाराज अडकले हे बघायला, ऐकायला, आपल्या कानांनी खात्री करून घ्यायला तो तिथे येऊन उभा राहिला होता. दार उघडल्यावर त्याला बाजूला होता आलं नाही. दूताच्या वेशात, हावरे डोळे तसेच घेऊन तो प्रकाशात सापडला.

महाराजांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी मुकुट काढला, दोन पावलं पुढे आले आणि बदलीच्या डोक्यावर ठेवला. आतल्या कापसामुळे तो धड बसला नाही, वरच्या वर राहिला. कोणी हसलं नाही. कोणीतरी हुंदका दिला. पडदा ओढणाऱ्याने घाबरून पडदा ओढला आणि मग टाळ्यांचा जो आवाज झाला तो ऐकून कुजबूज स्टुलावरून उठलीच नाही.

रंगपटात आनंदाचा नुसता गोंधळ होता. दिग्दर्शक महाराजांचे हात सोडायला तयार नव्हता. "इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत? दारामागे पुढचा माणूस आधीच उभा! आता वाक्य नकोच. वाक्य काढून टाकू. दर प्रयोगाला असंच." महाराज नुसते मान हलवत होते. ते अडकले होते हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बदली तिला जिन्याखाली भेटला. त्याचे डोळे अजून प्रकाशातच होते.

"बघितलंस? चालत आला," तो म्हणाला. "मावशी म्हणाल्या होत्या तसा. त्यांच्या पायांनी चालत आला माझ्याकडे. आता दर प्रयोगाला येणार."

"वाक्य नाहीये त्यात तुला."

"आज मुकुट आला, उद्या वाक्य येईल. माझ्या नशिबातच होतं गं." त्याने तिचा हात धरला. "आणि आपण काही केलंसुद्धा नाही. आपोआप झालं."

तो इतका खूश होता की तिला त्याचा हात सोडवून घ्यायलाही वाईट वाटलं. पण 'आपोआप' हा शब्द काही केल्या तिच्या कानातून जाईना. ती जिना चढून महाराजांच्या खोलीकडे गेली.

सगळे गेले होते. महाराज आरशापुढे बसून कपाळाचा रंग पुसत होते. अर्धा चेहरा प्रधानाचा होता, अर्धा एका थकलेल्या म्हाताऱ्याचा. मुकुट टेबलावर पालथा होता, कापूस बाहेर आला होता.

"ये," ते आरशातूनच म्हणाले. "बस."

ती बसली नाही.

"तुझा दिवा गेला होता वाटतं," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "त्या दिव्याची वायर कधीची ढिली आहे. अंधारात माझा हात दिसला नसेल तुला."

त्यांनी तिच्या सुटकेचं दार सताड उघडून ठेवलं होतं. तिने फक्त हो म्हणून बाहेर पडायचं होतं. बाहेर नवरा होता, त्याचा आनंद होता, घर होतं, पुढचा प्रयोग होता. आणि महाराज खरंच तसं मानून राहिले असते, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"दिवा होता," ती म्हणाली. "अंगठी दिसली होती. दोन्ही वेळा."

महाराजांचा हात रंगाच्या फडक्यावर थांबला. ते वळले. इतक्या वर्षांत तिने त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, ते नेहमी प्रकाशात असत आणि ती कडेला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रागावतील असं तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. पण शब्द येईना. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि गुडघ्यावरच्या डाव्या हाताचा अंगठा हळूहळू अंगठी फिरवू लागला.

तिला कळलं की ते आत्ता नाटक करत नव्हते. त्यांना खरंच सुचत नव्हतं. अशा वेळी काय करायचं, एवढंच तर तिला शिकवलं होतं. तिने श्वास घेतला आणि आपल्या त्या पंख्याच्या आवाजात म्हटलं,

"पण दार मी उघडलं."

"हं," महाराज म्हणाले. "हेच होतं ते."

त्यांनी आरशाकडे तोंड केलं आणि उरलेला रंग पुसायला घेतला.

"दिग्दर्शकाला सांगतो मी," ते म्हणाले. "त्याला काय काढायचं ते काढू दे, हे वाक्य राहील. आणि पुढच्या प्रयोगाला मी अंगठी फिरवो न फिरवो, तू द्यायचंस. मोठ्याने दे. लोकांना ऐकू गेलं तरी चालेल."

तिने मान हलवली. मग टेबलावरचा मुकुट उचलला, बाहेर आलेला कापूस बोटांनी आत सारला आणि चहूकडून दाबून बसवला, महाराजांच्या डोक्यावरून तो घसरू नये म्हणून.