फणसाखालची ब्राह्मी

मित्रांनो, मी एक जुनी ब्राह्मी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार दमलेली आहे. मी झाड नाही आणि झुडूपही नाही. जमिनीला अंग टेकून पसरणारी, बाराही महिने हिरवी राहणारी एक साधी वनस्पती. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात, तमिळनाडूत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या सरस्वतीबाईंच्या परसात, फणसाखाली, धुण्याच्या दगडाला चिकटून माझे घर आहे. इथले लोक मला वल्लारै म्हणतात. परीक्षा जवळ आली की माझी चटणी करून मुलांना खाऊ घालतात. पाठांतर चांगले होते म्हणे. त्या वेळी मुलांची तोंडे कशी होतात ते मी पाहिले आहे, पण माझा राग नाही.

माझा जन्म मात्र जवळच्याच तिरुविडैमरुदूरचा. तिथे सरस्वतीबाईंची मैत्रीण शिवकामी राहते. दोघींनी एकाच शाळेत नोकरी केली, एकदमच निवृत्त झाल्या. शिवकामीच्या केळीखालच्या ओल्या सावलीत मी हवी तशी पसरले होते. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. ते दिवस किती सुखाचे होते हे मला पुढे कळले.

मला इकडे यावे लागले ते एका चिखलामुळे. फणसाखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथे काही उगवत नसे. जमीन उघडी बोडकी. इकडचा मोठा पाऊस कार्तिकातला, त्यात तिचा नुसता राडा होई. त्या राड्यात सरस्वतीबाईंचे यजमान एकोजीराव घसरून पडले आणि महिनाभर अंथरुणाला खिळले. पोंगलला चेन्नईहून मुलगा आला, गिरीश. त्याने परस पाहिले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा घालायचे ठरवले. गवंड्यालाही सांगून ठेवले.

सरस्वतीबाई ते ऐकून फणसापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हा फणस त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी स्वतः आठळी पेरून वाढवलेला. त्याच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगतसुद्धा फळे धरतात आणि सगळ्या गल्लीत गरे वाटले जातात. मुळांवर कोबा बसला की झाड घुसमटणार हे त्यांना स्वच्छ दिसत होते. पण नवऱ्याचे कंबरडेही दिसत होते. त्यांनी मुलाची विनवणी केली. गिरीशने एकदा फणसाकडे पाहिले, एकदा वडिलांकडे.

"एक वर्ष थांबतों, अम्मा," तो म्हणाला. "पुढच्या पोंगलला ही भुई हिरवी नि घट्ट दिसली तर कोबा नक्को. नाहीं तर मग मी कोणाचें ऐकणार नाहीं."

त्या दिवसापासून सरस्वतीबाईंनी कंबर कसली. आधी हिरवळ लावली, ती पिवळी पडली. अबोली लावली, तिने मान टाकली. शेवटी शिवकामीने त्यांना समजावले की उन्हाची लेकरे सावलीत आणून रडवू नयेत, सावलीत आपणहून नांदणारे काही लावावे. तिने मला मुळांसकट उचलले, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळले आणि सरस्वतीबाई निघताना त्यांना बजावले: माती मोकळी करा, कुजका पाला घाला, वीतभर अंतराने लावा, रुजेपर्यंत ओल ठेवा आणि मग हिला हिच्या वाटेने जाऊ द्या.

सरस्वतीबाईंनी सगळे केले. फक्त शेवटचे तेवढे केले नाही.

मित्रांनो, त्यांची सकाळ कशी असते ते सांगते. उजाडायच्या आत पुढचे अंगण झाडायचे, सडा घालायचा, तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायचा. मग परसातला खराटा घेऊन मागे यायचे आणि फणसाखाली एक पान म्हणून राहू द्यायचे नाही. घरात बाई असताना परसात पाला पडलेला दिसला तर लोक काय म्हणतील, हा धाक त्यांना लहानपणापासूनचा. खराटा खरखरत आला की माती खरवडली जाई, पाला जाई आणि त्याबरोबर मी रात्रभर पसरलेले कोवळे देठही जात. माझे असे आहे की देठ जमिनीवर आडवा धावतो, त्याच्या पेराला मुळे फुटतात, तिथून नवे पान वर येते. त्याला थोडी उसंत हवी. ती मला मिळेना. झाडून झाले की सरस्वतीबाई झारीने पाणी घालत आणि मायेने म्हणत, वाढ गे बये, वाढ. आधी पाय मोडायचे आणि मग धाव म्हणायचे, अशी ती माया होती.

मी वाढेना, तेव्हा त्यांनी सावलीला दोष दिला, पाण्याला दिला, शेजारच्या कोणाची तरी दृष्ट लागली म्हणाल्या. शिवकामीकडून पुन्हा रोपे आणली, पुन्हा लावली. उन्हाळा सरेपर्यंत मी दगडाच्या बगलेत, खराटा पोचत नव्हता तेवढ्याच जागी उरले. खरे सांगते, तेव्हा मला वाटले, पुरे झाले. येऊ दे तो कोबा.

मग पुरटासीच्या, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला सरस्वतीबाई तापाने पडल्या. ताप गेला, पण सांधे धरले. मूठ मिटेना, खराटा कुठला धरवणार? तिरुचीहून त्यांची मुलगी श्रीविद्या आली. ती दिवसभर लॅपटॉपपुढे बसून नोकरी करी आणि मधल्या वेळात घर सांभाळी. पुढे चार टिंबांचा कोलम काढी, मागे फिरकतही नसे. एकोजीरावांनी एकदा खराटा उचलला, तर पुन्हा पडाल म्हणून त्यांना बायकोनेच बसवले. फणसाची पाने पडत राहिली. सरस्वतीबाई मागच्या दारात खुर्चीवर बसून तो पाला बघत आणि शरमेने त्यांचा जीव कासावीस होई. झाडून काढ ग, म्हणून त्या लेकीच्या मागे लागल्या.

"अस्सूं दे कीं, अम्मा," श्रीविद्या म्हणाली. "झाडाचा पाला झाडापाशींच पडलाय. तूं निज घटकाभर."

त्या पाल्याखाली पहिल्यांदा मला कोणी झोपू दिले. पाऊस आला, पाला कुजला, माती मऊ झाली. पेरापेराला मुळे फुटली. मी दगडावरून उतरले, बुंध्याला वळसा घातला, पार भिंतीपर्यंत गेले. वरून कोणाला काही दिसत नव्हते, दिसत होता तो नुसता कचरा.

आणि एवढे होऊनही सगळे पुन्हा बिघडले असते. भोगीच्या आदल्या सकाळी सरस्वतीबाईंचे हात जरा हलू लागले होते. उद्या गिरीश येणार. हिरवे काही नाही तर निदान स्वच्छ तरी दिसावे, म्हणून त्या खराटा घेऊन आल्या. पहिला फटकारा बसला आणि माझा एक लांब देठ उपटून वर आला. त्याच्या प्रत्येक पेराला पांढरी मुळे होती आणि मुळांनी कुजकी पाने घट्ट धरलेली होती. त्यांनी तो हातात घेतला. मग वाकून हाताने जागोजागचा वरचा पाला बाजूला केला. खाली सगळीकडे मीच होते.

त्या धुण्याच्या दगडावर बसल्या. एकोजीराव दारातून काय झाले म्हणून विचारत होते.

"मीच मोडत होतें हिला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळीं. आणि वर पाणी घालत होतें."

इकडे भोगीला जुने ते घराबाहेर काढून जाळतात. दुसऱ्या दिवशी त्या जाळात परसातला खराटा गेला. गिरीश आला, अनवाणी पायांनी फणसाखाली माझ्या हिरव्या पानांवरून फिरला, टाचेने जमीन दाबून पाहिली. माझ्या मुळांनी धरलेली ती दबली नाही. त्याने वडिलांचा हात धरून त्यांना फणसाखालून परसातल्या विहिरीपर्यंत नेले आणि परत आणले. मग गवंड्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितले.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे सगळे आपले दुःख मांडून शेवटी आमची काळजी घ्या म्हणतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. काळजी जरूर घ्या, पण कधी कधी हात आवराही. ज्याच्यावर माया करता त्याला जरा उसंत द्या, आणि तुमच्या आयांनाही द्या.

सरस्वतीबाईंचे सांधे अजून दुखतात. पुढचा कोलम झाला की त्या सवयीने मागे येतात आणि कॉफीचा पेला घेऊन दगडावर टेकतात. आज सकाळी फणसाचे एक पिवळे पान त्यांच्या पायाशी पडले. त्यांचा हात लगेच पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.