डावा दिवा

"अरुणाआजी, मिणमिणता म्हणजे क्या होता है?" नऊ वर्षांच्या श्रावस्तीनं पुस्तकातून मान वर काढून विचारलं.

अरुणाबाई आपल्या गाडीच्या उघड्या डिकीपाशी उभ्या होत्या. राजधानीतल्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टर्सच्या अंगणातली डिसेंबरातली शनिवारची संध्याकाळ होती. सहा वाजून गेले होते आणि बाहेर चांगलाच अंधार पडला होता. हा शब्द हिंदीत कसा सांगावा याचा त्यांनी क्षणभर विचार केला, मग सरळ जाऊन गाडीचे दिवे लावले. "हे बघ. असा असतो मिणमिणता उजेड."

श्रावस्तीला अर्थ लगेच कळला. पंचाईत अशी की शेजारीच उभ्या असलेल्या अंशुमनलाही तो कळला.

अंशुमन हा अरुणाबाईंचा एकुलता एक मुलगा. गुरुग्रामला एकटा राहतो, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करतो आणि महिन्यातून एकदा मयूर विहारला आईबाबांकडे येतो. त्या दिवशी तो कौतुकानं आईचं ग्रंथालय बघायला आला होता. ग्रंथालय म्हणजे काय, तर गाडीची डिकी. शाळेतून निवृत्त झाल्यावर अरुणाबाईंनी आधी गाडी शिकून घेतली आणि मग घरातली दीडशे मराठी पुस्तकं चार मोठ्या पिशव्यांत भरली. तेव्हापासून दर शनिवारी त्या मयूर विहारहून इथे येत. नागपूर, नांदेड, अकोल्याहून बदली होऊन आलेल्या कुटुंबांतली वीस-बावीस मुलं पुस्तकं न्यायला यायची. काहींच्या आयाही यायच्या. मेट्रोत एवढी पुस्तकं नेता येत नाहीत आणि भाड्याची टॅक्सी दोन तास अंगणात थांबत नाही. गाडी होती म्हणून ग्रंथालय होतं.

परतीच्या वाटेवर अंशुमन आईच्या शेजारी बसला आणि नेमकं त्याच दिवशी व्हायचं ते झालं. एका वळणावर रस्त्यात पोलिसांचा लोखंडी अडथळा उभा होता. तो अरुणाबाईंना अगदी जवळ गेल्यावर दिसला. त्यांनी कचकन ब्रेक दाबला, मागच्या सीटवरच्या पिशव्या धाडधाड खाली आल्या आणि अंशुमन "आई!" म्हणून ओरडला.

घरी पोचल्यावर त्यानं निकाल सुनावला. "बस झालं यार आई. अंधार पडल्यावर तू गाडी चालवायची नाहीस. चावी मी घेऊन जातो."

"माझे डोळे ऑगस्टमध्ये तपासलेत," अरुणाबाई म्हणाल्या. "नंबरही वाढलेला नाही. दोष दिव्यांचा आहे."

"तू बासष्ट वर्षांची आहेस."

हे वाक्य अरुणाबाईंना झोंबलं. तीस वर्षं त्यांनी पोरांना गणित शिकवलं होतं. एका कारणाच्या जागी दुसरं कारण खपवलेलं त्यांना चालत नसे. त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी पुन्हा ये. माझ्या शेजारी बस. तेव्हाही मला रस्ता दिसला नाही, तर चावी तुझी आणि ग्रंथालय बंद."

अंशुमननं मान डोलावली. रागाच्या भरात आपण काय पणाला लावलं, ते अरुणाबाईंच्या आत्ता लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिनकररावांनी सूत्रं हाती घेतली. अरुणाबाईंचे यजमान एका मंत्रालयात बत्तीस वर्षं हिंदी अनुवादक होते. दुसऱ्यांच्या मसुद्यांतली हिंदी लाल शाईनं सुधारण्यात त्यांची हयात गेली. मूळचे साताऱ्याचे, पण उत्तर प्रदेशातल्या सहकाऱ्यांनाही ते लिंग-वचन शिकवून आले होते. गाडी ते जन्मात कधी शिकले नाहीत, तरी घरातली गाडी आपल्याच देखरेखीखाली चालते अशी त्यांची पक्की समजूत होती.

"चलो, अगं, मी आहे ना!" असं म्हणत त्यांनी अरुणाबाईंना गाडी काढायला लावली आणि सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानासमोर उभी करवली. दुकानदारानं रात्रीचा दिवस करून देतो असं सांगितलं. दिनकररावांना ती वाक्यरचना आवडली. अर्ध्या तासात गाडीला पांढरेशुभ्र, झगझगीत नवे बल्ब लागले.

संध्याकाळी अरुणाबाई ते तपासायला म्हणून सोसायटीबाहेर पडल्या. फाटकावरच्या चौकीदारानं दोन्ही हातांनी डोळे झाकले. समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे लुकलुकवून त्यांच्या नावानं शंख करू लागली. एका स्कूटरवाल्यानं तर थांबून त्यांच्या खानदानाची चौकशी केली. जांभळाच्या झाडावर झोपायला आलेले पोपट मात्र पानापानांतून स्वच्छ दिसत होते. रस्त्याच्या मधोमध पांढरा डाग पडला होता आणि दोन्ही कडा काळ्याकुट्ट होत्या. उजेड भरपूर होता, फक्त हवा तिथे नव्हता.

"वा! क्या बात है!" दिनकरराव म्हणाले.

"अहो, मला फुटपाथ दिसत नाहीये," अरुणाबाई म्हणाल्या.

सोमवारी दिनकररावांना न विचारता त्या मार्केटमागच्या चरणजीतकडे गेल्या. चरणजीत पन्नाशीचा, कमी बोलणारा मेकॅनिक. त्यानं बॉनेट उघडलं, दिव्यांच्या काचांवर नख फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

"माताजी, यह बल्ब इस गाडी का है ही नहीं. इस लाइट का शीशा दूसरे बल्ब के लिए बना है. और ऊपर का कवर देखो, पीला पड गया है. आपको रोशनी ज्यादा नहीं चाहिए. बराबर चाहिए."

अरुणाबाईंना हा माणूस तिथल्या तिथे पसंत पडला. बराबर हा शब्द त्यांनी फळ्यावर आयुष्यभर लिहिला होता.

मग चार दिवस काम चाललं. चरणजीतनं पिवळ्या पडलेल्या आवरणांवर पाणी मारून पॉलिशपेपर घासला, आधी खरखरीत, मग त्याहून मऊ, आणि शेवटी कापडानं चकाकी आणली. जुन्या तारांतून बल्बपर्यंत पुरती वीज पोचत नव्हती, म्हणून बॅटरीपासून नवी जाड तार ओढली. दुकानदाराचे झगझगीत बल्ब काढून या दिव्यांसाठी बनवलेले चांगले बल्ब आणले. उजवा त्यानं स्वतः बसवला. डावा तेवढा त्याचा चुलतभाऊ घाईघाईत बसवून गेला, कारण चरणजीतला दुसऱ्या गाडीचं बोलावणं आलं होतं.

शुक्रवारी तिन्हीसांजेला शेवटचं काम उरलं होतं, दिव्यांचा नेम धरण्याचं. सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. दिव्यांच्या उंचीपेक्षा चार बोटं कमी अशी भिंतीवर खडूची रेघ मारली. उजेडाची वरची कड त्या रेघेवर यायला हवी, म्हणजे रस्ता दिसेल आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. अरुणाबाई गाडीत बसल्या. चरणजीत बॉनेटमध्ये वाकून स्क्रू फिरवू लागला. आणि दिनकरराव? ते भिंतीपाशी उभे राहून हुकूम सोडू लागले.

उजवा दिवा पाच मिनिटांत रेघेवर आला. डावा काही ऐकेना. त्याचा उजेड रेघ सोडून वर, पहिल्या मजल्यावरच्या प्रमोदिनीबाईंच्या वाळत घातलेल्या परकरांवर जाऊन बसला होता. चरणजीत स्क्रू फिरवून थकला. प्रमोदिनीबाई गॅलरीत येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दिनकररावांचा तोल गेला.

"बायाँ खाली!" ते ओरडले. "खाली करो!"

चरणजीतनं डोकं वर काढलं. "बायाँ खाली कर दूँ, बाऊजी?"

"हाँ, हाँ! खाली!"

"पूरा?"

"पूरा खाली! बिल्कुल!"

चरणजीतनं खांदे उडवले आणि पुन्हा वाकला. डावा दिवा विझला. भिंतीचा तेवढा भाग अंधारात गेला आणि परकर दिसेनासे झाले.

"अरे! बंद क्यों किया?"

"बंद नहीं किया. खाली किया," चरणजीत शांतपणे म्हणाला. त्याच्या हातात फडक्यात धरलेला गरम बल्ब होता. "आपने ही बोला, पूरा खाली करो. लो, अब इसमें कुछ नहीं है."

अरुणाबाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्या हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दिनकररावांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. बत्तीस वर्षांची हिंदी एका परकरापायी साताऱ्याला परत गेली होती.

"नीचे," ते खाकरून म्हणाले. "मेरा तात्पर्य था, नीचे."

"तात्पर्य समझ गया जी," चरणजीत म्हणाला आणि बल्ब परत बसवायला वाकला. मग मध्येच थांबला. खिशातली टॉर्च काढून त्यानं रिकाम्या खोबणीत पाहिलं. "माताजी, इधर आओ."

अरुणाबाई उतरल्या. बल्बच्या बुडाशी तीन लहान पत्र्याच्या पाकळ्या असतात. त्या खोबणीतल्या तीन खाचांत बसल्या की बल्ब सरळ राहतो. इथे एक खाच दबून वाकली होती. चुलतभावानं बल्ब तिथे जोर करून कोंबला होता. बल्ब आत तिरका बसला होता, मग बाहेरून स्क्रू कितीही फिरवा, उजेड परकरांकडेच जाणार.

"मैं तो रात भर पेंच घुमाता रहता," चरणजीत म्हणाला. त्यानं पक्कडीनं खाच सरळ केली, बल्ब बसवला. टक् असा छोटा आवाज झाला. स्क्रूच्या दोन फेऱ्यांत डावा दिवा उजव्याच्या शेजारी रेघेवर येऊन टेकला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, शांत उजेड पडला. प्रमोदिनीबाईंनी वरून टाळ्या वाजवल्या.

"मी म्हटलं नव्हतं, काढून बघा म्हणून?" दिनकरराव म्हणाले. अरुणाबाईंनी त्यांना हे श्रेय देऊन टाकलं. त्या इतक्या खूश होत्या, की त्या क्षणी त्यांनी ते दुकानदारालाही दिलं असतं.

शनिवारी अंशुमन आपली गाडी घेऊन आला, ती सोसायटीत लावून आईच्या शेजारी बसला. जाताना उजेडच होता. ग्रंथालय पार पडलं, सात वाजता पिशव्या भरून झाल्या आणि अरुणाबाईंनी दिवे लावले. मागच्या सीटवर दिनकरराव मांडीवर पिशवी घेऊन बसले होते.

सेक्टरमधला आतला रस्ता मोठमोठ्या झाडांचा. वरचे दिवे फांद्यांत अडकलेले, त्यात धुराचं धुकं. पण रस्ता समोर उलगडत होता, कडेच्या पिवळ्या पट्टीसकट, खड्ड्यांसकट. बऱ्याच पुढे, डाव्या कडेला, त्यांना दोन चाकं आणि एक काळी शाल दिसली. कोणीतरी बिनदिव्याची शेंगदाण्यांची रेहडी, म्हणजे हातगाडी, ढकलत घरी निघालं होतं. अरुणाबाईंनी पाय सैल सोडला, गाडी अलगद उजवीकडे घेतली आणि शालवाल्याला चाहूलही न लागता पुढे गेल्या.

"एकदम हळू का केलीस?" अंशुमननं विचारलं.

"रेहडीवाला होता ना."

"कुठे?"

अरुणाबाईंना वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. पण अंशुमननं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं आणि तो तसाच पाहत राहिला. त्यानंतर नदीवरचा पूल ओलांडून मयूर विहार येईपर्यंत तो डोळे बारीक करून खिडकीबाहेरच बघत होता. हा अजूनही नाहीच म्हणणार, असं धरून अरुणाबाईंनी मनातल्या मनात चावी देऊनही टाकली.

सोसायटीत आल्यावर दिनकरराव चहा टाकायला वर गेले. अंशुमन आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला, पण दार उघडेना.

"आई, मला तो माणूस दिसला नाही," तो म्हणाला. "दिवे मस्त होते. समोरचा रस्ता मलाही दिसत होता. पण तो नाही दिसला."

"कधीपासून असं होतंय?"

"वर्ष झालं असेल. मला वाटलं, रात्री सगळ्यांना असंच दिसतं. म्हणून तर तुझी भीती वाटली. मला एवढं कमी दिसतं, तर तुला काय दिसत असेल?"

आठवडाभराचा सगळा राग अरुणाबाईंच्या मनातून उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. हे पोर वर्षभर रोज रात्री तसंच गाडी चालवत होतं आणि काळजी मात्र आईची करत होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर. घाबरू नकोस, आधी बघू तर दे त्यांना."

अंशुमननं मान हलवली. मग त्यानं आपल्या गाडीची चावी आईच्या हातात ठेवली आणि लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी विचारलं असेल तशा आवाजात विचारलं, "आई, मला घरी सोडशील?"

अरुणाबाई स्वतःच्या गाडीत बसल्या, वाकून त्याच्यासाठी पलीकडचं दार उघडलं. दिवे लावले. वर गॅलरीत दिनकरराव चहाचं गाळणं हातात घेऊन आले.

"अगं, आता कुठे निघालात?"

अरुणाबाईंनी काच खाली केली. "गुरुग्रामला!" त्या साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अंशुमनला सोडून येते!"