पॉलिश सिनेमा

संत तुकाराम नगरातल्या त्या सोसायटीच्या हॉलवर दोघांचा डोळा होता. एक सुमनताई आणि त्यांचा हास्यक्लब, दुसरे भीमराज आणि त्यांचं चित्रपट मंडळ. म्हणजे रविवारी सकाळी तिथे हसायचं की दुःख भोगायचं, एवढाच वाद. सुमनताई सोसायटीच्या सेक्रेटरीही असल्यामुळे निकाल लागल्यातच जमा होता. तरी त्यांनी मोठ्या मनाने भीमराजना एक शेवटचा रविवार दिला.

"हॉल भरून दाखवा, हॉल तुमचा. मागच्या खेळाला तुम्ही, वहिनी आणि पंखा एवढेच होतात."

कंपनीतून निवृत्त झाल्यापासून भीमराज पोलंडच्या सिनेमांच्या नादी लागले होते. तिकडे माणसं कमी बोलतात, बर्फ पुष्कळ पडतो आणि ज्याच्या त्याच्या मानगुटीवर एखादं पाप बसलेलं असतं.

"देव आहे की नाही ते त्यांचं ते बघतील," भीमराज म्हणत, "पण माणसाला दुःख का, हा सवाल आपलाच आहे."

"आपल्या धम्मात दुःखावर मार्गही सांगितलाय," त्यांची बायको कस्तुरा म्हणे. "त्यांच्यात नुसताच बर्फ."

शेवटचा प्रयत्न म्हणून भीमराजनी मोबाइलवर निमंत्रण धाडलं. बोट घसरलं म्हणा की फोनने शहाणपणा केला म्हणा, 'पोलिश सिनेमा'चा 'पॉलिश सिनेमा' झाला आणि निमंत्रण या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत पार चाकणच्या कारखान्यांत पोचलं.

रविवारी हॉलच्या दारात चपलांचा ढीग पडला. भीमराजना भरून आलं. तेवढ्यात एक दणकट गडी पुढे झाला.

"नमस्कार! मी सयाजी. आमी समदे पॉलिश खात्यातले. दिवसभर चाकावर पार्ट घासायचे, नाकातोंडात काळी धूळ. आमच्यावर पिच्चर निघाला आन् आमालाच पत्ता न्हाई, राव! शूटिंग कुठल्या कंपनीत झालं म्हनं?"

खरं ते भीमराजच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच वेळी सुमनताई आत आल्या, भरलेल्या खुर्च्या बघून त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा बघून भीमराजनी ओठांवरचं गिळून टाकलं.

"परदेशात," ते म्हणाले. हे काही खोटं नव्हतं.

सिनेमा एका चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. चर्चमधला चांदीचा पेला चोरीला जातो, भलताच माणूस तुरुंगात पडतो. खरा चोर म्हाताऱ्याला ठाऊक असतो, पण बोललं तर राहती खोली जाईल म्हणून तो गप्प बसतो. भीमराजनी हा सिनेमा पुष्कळदा पाहिला होता आणि दर वेळी त्यांना म्हाताऱ्याचा संताप आला होता. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्याही काही अडचणी असतील.

बराच वेळ पॉलिश काही येईना. खालची अक्षरं इंग्रजी, तीही पळती.

"तोंड का पाडून बसलंय म्हातारं?" मागून आवाज आला.

"ओव्हरटाइम दिला नसंल," दुसऱ्याने उलगडा केला.

तुरुंगातल्या माणसाची बायको बर्फात मरून पडली. पुढे पेला सापडला. म्हाताऱ्याने तो उचलला, फडकं घेतलं आणि रडत रडत घासायला लागला.

हॉल फुटला.

"आलं! आलं! पॉलिश आलं!" शिट्ट्या वाजल्या.

"आज्या, आधी पॉलिशपेपर मार, मग फडकं!"

म्हाताऱ्याचा एक अश्रू पेल्यात पडला.

"पानी नगं, डाग पडंल! माल रिजेक्ट व्हईल!"

खुर्च्या हलत होत्या. सुमनताई पदराने डोळे पुसत होत्या, तेही हसून हसून. भीमराज तेवढे पडद्याकडे बघत राहिले. म्हातारा शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दिवे लागले.

"भीमराजभाऊ," सुमनताई दम खात म्हणाल्या, "क्लबात हात वर करून हा हा करता करता मी दमले हो. आज खरं हसले. हॉल तुमचा. आमचा क्लबही तुमच्याच खेळाला येईल. फक्त एक सांगा, विनोदीच होता ना? ती बाई मेली तरी आम्ही हसलो, म्हणून विचारते."

सगळा हॉल भीमराजकडे बघू लागला. 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो!

"तसा... विनोदीच," भीमराज म्हणाले.

टाळ्या पडल्या. सयाजीने त्यांना कडकडून मिठी मारली. "डायरेक्टरला सांगा, पुढच्या टायमाला आधी आमाला इचार म्हनावं. घासायची पद्धत पार चुकलीया."

संध्याकाळी भीमराज पुढच्या रविवारचा सिनेमा शोधत बसले. एकात पाद्र्याची श्रद्धा उडत होती, एकात गावच्या गाव रोगाने उठत होतं. कस्तुराने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि वाकून बघितलं.

"हा पाद्र्याचा कसला?"

"विनोदी," भीमराज मान वर न करता म्हणाले.

"माणसं किती मरतात?"

"दोघंच."

"मग लावा," कस्तुरा म्हणाली. "हास्यक्लबातली माणसं नवी आहेत. एकदम जास्त झेपायचं नाही त्यांना."