बँडमास्तरचे दात

बसा हो, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडे पलंगावर टेका. घाईत आहात ते दिसतंय मला, पण एका माणसाची गोष्ट सांगतो, ती ऐका आणि मग कुठं जायचं तिकडं जा. हसू येईल, शब्द देतो. नाही आलं तर माझ्या नावानं खडे फोडा.

तर एक होते कवळीकाका. खरं नाव असेल काहीतरी, पण गल्लीनं ते कधी वापरलंच नाही. धंदा कवळ्या बनवायचा. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. अर्ध्या गावातली म्हातारी माणसं काकांच्या हातच्या दातांनी चावायची. आणि खुद्द काकांच्या तोंडात? बोळकं. नुसतं बोळकं.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याला दात देणाऱ्याला स्वतःचे जमू नयेत? अहो, केले की! कितीदा केले. पण गिऱ्हाइकाचं माप घेताना काका त्याला गप्पांत गुंतवायचे, गडी सैलावला की हळूच मेण चावायला द्यायचे. स्वतःचं माप घ्यायची वेळ आली की आरशासमोर ताठ, हनुवटी वर, डोळे वटारलेले. तसा जबडा माणूस एरवी कधी धरतो का? कवळी झाली की टोचायची. मग इकडून घास, तिकडून घास. घासून घासून इतकी सैल व्हायची की शिंकले की दात समोरच्या भिंतीवर.

"सोडा ना आता तो नाद," काकू म्हणायच्या. "या, आत जेवायला बसा."

"तुला काय कळतंय यातलं? या खेपेला बघ कशी फक्कड बसते."

आणि ती बसेपर्यंत सगळं अडलेलं. दात झाले की फिरायला जाऊ. दात झाले की तुझ्या बहिणीकडं जाऊ. बोळकं कुणाला दिसू नये म्हणून हा माणूस जेवायचासुद्धा पडद्याबाहेर, दुकानात, एकटा, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या पंगतीला. पोटच्या पोरीच्या लग्नात प्रत्येक फोटोत तोंडावर रुमाल. नवऱ्याकडची माणसं विचारत होती, हा सर्दी झालेला गृहस्थ कुणाचा कोण?

तर त्या पोरीच्या नवऱ्याची बदली झाली. पार समुद्रापलीकडं. तो सामान घेऊन आधीच गेलेला, हिची विमानतळाकडं जायची गाडी संध्याकाळची. दुपारी आईबापाला भेटायला आली ती थेट दुकानात शिरली.

"बाबा, आज मक्याची कणसं आणलीत. तू, मी, आई, एका टेबलावर. लहानपणी आपण शर्यत लावायचो तसं."

"अगं, पण दात..." काका पुटपुटले. "पुढच्या वेळी येशील ना, तोवर बघ मी—"

"पुढची वेळ कधी येईल ते मला तरी कुठं माहीत आहे? तू इथं एकटा जेवलास तर मी उपाशी जाईन. सांगून ठेवते."

पोरगी बापावर गेलेली. बोलली म्हणजे करणार. एवढ्या लांब निघालेली लेक, ती उपाशी जायची? त्यांनी आपली कवळी उचलली, तर घासून घासून ती पार पापुद्रा झालेली. तेवढ्यात नजर गेली फळीवर. बँडमास्तरचे दात! नवेकोरे, चकचकीत. बँडमास्तर म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा धिप्पाड गडी, जबडा पेटीएवढा. कुठंतरी वाजवायला जायचं होतं म्हणून जाता जाता दात न्यायला येणार होता.

एका जेवणाचा तर प्रश्न, म्हणून काकांनी ते कोंबले तोंडात. आरशात बघतात तर घोडा हसतोय.

पडद्याआड टेबलाशी येऊन बसले. काकूंनी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि कणसं वाढायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"बाबा, तू आज काहीतरी वेगळाच दिसतोयस," लेक म्हणाली.

"बस, बस, जेव," काका म्हणाले, आणि त्या प्रत्येक 'स'ला अशी शिट्टी निघाली की दारातलं कुत्रं ताडकन उठून उभं राहिलं.

काकांनी कणीस उचललं, देवाचं नाव घेतलं आणि चावा घेतला. दात रुतले. छान रुतले. मग काकांनी कणीस ओढलं, तर कणीस निघालं बाहेर आणि दातही निघाले त्याच्याबरोबर! वरचेही, खालचेही. कणसाला दोन्हीकडून धरून बसलेले.

मग लेकीला जे हसू फुटलं! टेबलावर डोकं ठेवून हसतेय. काकू पदर तोंडात कोंबतायत. काकांचं तोंड एवढंसं झालं. हाताचा पंजा तोंडावर धरून ते उठले आणि निघाले पडद्याकडं.

"बाबा!" लेकीनं हात धरला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि आता ते काही हसण्याचं राहिलं नव्हतं. "मी तुला जेवायला बोलावलंय रे. दातांना कुठं बोलावलं?"

काकांनी पंजा तोंडावर आणखीच घट्ट दाबला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काका, झाले का हो माझे दात?"

बँडमास्तर पडदा सारून आत आला. कोटाची सोनेरी बटणं, काखेत ट्रम्पेट. त्यानं टेबलाकडं बघितलं, वाकला, कणीस हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं.

"हे माझेच ना?"

"तुमचेच," काका म्हणाले.

"माझ्याआधी जेवले की हो, लेकाचे!"

आणि काका हसले. तोंडावरचा हात कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. अगदी आतल्या टाळूपर्यंत दिसेल असे हसले. काकू बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, किती बरे दिसता!"

"मी उकळून देतो हां दात," काका ओशाळून म्हणाले, आणि लगेच स्वतःच दचकले. "छे छे, उकळून वाकडे होतील! साबणानं घासतो. दोनदा घासतो."

"घासा सावकाश," म्हणत बँडमास्तर खुर्ची ओढून बसलासुद्धा. "उरलीत का कणसं?"

मग लेकीनं सुरी घेतली, सगळ्या कणसांचे दाणे काढले, काकूंनी ते लोणी घालून मऊ ठेचले, आणि दोन बोळकी समोरासमोर बसून ओरपायला लागली. शर्यत लेकीनं जिंकली. काका म्हणाले, लबाडी केली. ती म्हणाली, तू दुसऱ्याचे दात लावलेस त्याचं काय?

संध्याकाळी लेक गाडीत बसताना काका तिला म्हणाले, "पोचलीस की फोन कर. चेहरा दिसतो ना, तसला."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "तुमचं ताट कुठं वाढू?"

"तुझ्या शेजारी. आणखी कुठं?"

संपली गोष्ट. आता असं करा, भात झालाय माझा, डाळही आहे. मागच्या फळीवर दुसरं ताट आहे बघा, तेवढं काढून घ्या, आणि दोन घास माझ्यासोबत खाऊनच उठा.