फोटोतली किल्ली

भिंगरीने आबांच्या नाकासमोर फोन धरला. "बघा, आईचा फोटो. दोनशे एकवीस जणांना आवडलाय."

आबांचं किल्ल्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक अरुंद जागा. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, खाली लाकडी बाक, बाकाला पकड बसवलेली आणि कानशी ठेवायला जुना डबा. शाळा सुटली की आई ड्युटीवरून येईपर्यंत भिंगरी इथेच बसायची. दहा वर्षांच्या या पोरीचं खरं नाव वेगळं होतं. पण ती एका प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नावर अशी गरगरत जायची, की आबांनी ठेवलेलं नावच चिकटलं.

आई, म्हणजे आबांची मुलगी, इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. अकरा वर्षांनी, याच सोमवारी, तिला वॉर्डची इन्चार्ज केलं होतं. औषधांच्या कपाटाची किल्ली आता तिच्याकडे असायची. फोटोत तिचा चेहरा फुलला होता, छातीवर नवा बिल्ला होता आणि गालाशी उंच धरलेली किल्ली. खाली लिहिलं होतं, 'आजपासून ही माझ्याकडे.'

आबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "मोठा कर बरं जरा."

"आईचा चेहरा?"

"चेहरा तिचा मी चाळीस वर्षं बघतोय. किल्ली दाखव."

भिंगरीने दोन बोटांनी फोटो ताणला. किल्ली पडद्यावर वीतभर झाली. आबा बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःशीच म्हणाले, "तीन, एक, पाच... दोन, चार."

"हे काय मोजताय?"

"खाचा. किल्लीला दाते दिसतात ना, त्यांच्यामधल्या जागा. आपल्याला वाटतं, खाच कितीही खोल असेल. पण तसं नसतं. या जातीच्या कुलपाला पाचच पायऱ्या. जिना समज. खाच पहिल्या पायरीवर थांबेल नाहीतर तिसऱ्या, पण अडीचाव्या पायरीवर कुणी उभं राहत नाही."

भिंगरी गप्प झाली. तिचं गप्प होणं म्हणजे मोठा प्रश्न येतोय, हे आबांना ठाऊक होतं.

"म्हणजे आबा, नुसता फोटो बघून किल्ली करता येते?"

"तुला काय वाटतं?"

"नाही येणार. फोटो सपाट असतो."

"मग करून बघू."

"करा. आईचीच करा."

"ती नाही. किल्लीचा मालक समोर उभा नसेल तर मी किल्ली कापत नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. आपल्या घरच्या कपाटाची करू, तिथे मालक मीच."

त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि दाराशी जाऊन उंच धरली. भिंगरीने आतल्या बाकावरून फोटो घेतला. लगेच किल्ली खिशात गेली. "आता तू वाच, मी कापतो. मी फोटोकडे बघणार नाही."

शेजारी जुन्या किल्ल्या ठेवून, पट्टी लावून, जीभ दातांत धरून भिंगरीने आकडे काढले. दोन, चार, चार, एक, तीन. आबांनी कोरी किल्ली पकडीत आवळली आणि कानस चालवली. पितळेचा भुगा फुंकून दोघं वर घरी गेले. किल्ली कुलपात गेली, पण फिरली नाही.

"बघा, मी म्हटलं होतं," भिंगरी म्हणाली. पण जिंकूनही तिचा चेहरा पडला.

"फिरली नाही, एवढंच कळलं. का नाही फिरली?"

तिने फोटो पुन्हा ताणला. चौथ्या खाचेत आबांच्या अंगठ्याची सावली पडली होती. "इथे एक नाही, दोन असेल. सावलीमुळे फसले मी."

दुकानात परत जाऊन आबांनी तेवढी एक खाच कानशीचे चार हात मारून खाली नेली. या वेळी किल्ली फिरली आणि कपाट उघडलं. आतल्या चादरींकडे भिंगरी अशी बघत राहिली, जणू त्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या.

तेवढ्यात आई आली. "काय चाललंय आजोबा-नातीचं? दोघांची तोंडं अशी का?"

"आई, मी फोटोवरून किल्ली केली. कापली आबांनी, पण वाचली मी."

"वा. एवढी शिकवून लेक दरोडेखोर निघाली म्हणायची."

"तुझीपण वाचलीये आबांनी. तीन, एक, पाच, दोन, चार."

आई हसली. मग हसता हसता तिचा हात पर्सकडे गेला. आबांनी खिशातली खाचा मोजायची पट्टी पुढे केली. तिने स्वतःच किल्लीवर लावली. तीन. एक. पाच. दोन. पाचवी खाच न मोजताच ती खुर्चीवर बसली.

"पण बाबा, फोटो माझा आहे," ती म्हणाली. "फोन माझा, खातं माझं. ड्युटी संपल्यावर काढलाय. इस्पितळाचं नावही कुठे लिहिलं नाही मी."

"बिल्ल्यावर आहे की," भिंगरी म्हणाली. "वॉर्डचं पण आहे. मोठं केलं की दिसतं."

"तू गप गं."

"सगळं तुझं, कबूल," आबा म्हणाले. "किल्ली कुणाची?"

आईने किल्ली पर्समध्ये टाकली. फोन काढून तिने फोटो पुसून टाकला आणि श्वास सोडला. भिंगरी आबांच्या फोनवर बोटं फिरवत होती. "मावशीने तिच्या स्टेटसला ठेवलाय, 'आमची ताई' म्हणून. मामाने दोन ग्रुपवर पाठवलाय. त्यातल्या एकात किती माणसं आहेत, बघू?"

"नको बघूस." आईने कपाळ धरलं. "उद्या मेट्रन मॅडमना कुठल्या तोंडाने सांगू? चार दिवस झालेत, बाबा. म्हणतील, हिला एक किल्ली सांभाळता येत नाही, वीस खाटांचा वॉर्ड काय सांभाळणार. अकरा वर्षं वाट बघितली मी."

"नाही सांगितलं तर?" भिंगरीने विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तर कुणाला कळणार नाही."

"आणि कुणी तशी किल्ली करून औषधं नेली, तर ती कुणी नेली हे कळेल?"

आईने कपाळावरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "कुलूप तुटलेलं नसेल. किल्लीनेच उघडलेलं असेल. आणि किल्ली माझ्याकडे." तिने फोन उचलला. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? मॅडम सहापर्यंत असतात."

साडेपाचला तिघं मेट्रनच्या खोलीत होती. आबांच्या पिशवीत नवं कुलूप होतं. मेट्रन उंच, पांढऱ्या केसांची बाई. ऐकताना टेबलावरची एकही वस्तू हलवत नव्हती. आईने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"बसा," मेट्रन म्हणाली. "फोटोवरून किल्ली होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही, आम्ही करून बघितलं," भिंगरी म्हणाली. "पहिल्यांदा चुकलं. सावली होती."

"अस्सं." मेट्रनने चष्मा पुसला. "कुठलाही फोटो चालतो?"

"खाचा दिसायला हव्यात."

मेट्रनने खुर्ची पुढे ओढली. मग टेबलावरचा संगणक सुरू करून तिने इस्पितळाचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिली. गेल्या वर्षीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा फोटो आला. पाहुण्यांच्या मधोमध खुद्द मेट्रन उभी होती, आणि तिच्या हातात पंख्यासारखा पसरलेला जुडगा.

"हे वाचता येईल?"

भिंगरी पडद्याला नाक लावून उभी राहिली. "सात किल्ल्या आहेत. चार स्पष्ट दिसतात. पहिली... दोन, दोन, पाच..."

"पुरे," मेट्रन म्हणाली. "ते शस्त्रक्रियेच्या खोलीचं कपाट आहे."

आई जमिनीकडे बघत होती, पण तिचे खांदे आता जरा सैल झाले होते.

"सिस्टर, तुम्हाला ताकीदपत्र मिळेल," मेट्रन म्हणाली. "ते टळणार नाही. फाईललाही लागेल."

"हो, मॅडम."

"कारकुनाला सांगा, तसलीच दोन पत्रं टाईप करायला. दुसऱ्यावर नाव माझं. आणि हा फोटो कुणाकुणाकडे गेलाय, ते मलाही बघावं लागेल." मग ती आबांकडे वळली. "वॉर्डच्या कपाटाचं कुलूप आत्ताच बदलून द्या. नवी किल्ली सिस्टरकडेच राहील. बाकीच्या सात कुलपांना किती वेळ लागेल?"

"उद्या दुपारपर्यंत होतील," आबा म्हणाले. "पण कागद द्या. मालकाच्या सहीशिवाय मी कुलपाला हात लावत नाही."

मेट्रनने लेटरहेड ओढलं आणि लिहायला सुरुवात केली. भिंगरीचं लक्ष अजून पडद्याकडेच होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "या फोटोत तुमच्या मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर काय लिहिलंय? मोठा करून बघू?"