धनेश कोण?

सोमवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी टीव्हीवरचे तीन तज्ज्ञ एकदम हसले, आणि घरतांच्या घरातली शांतता जी गेली ती गेलीच.

कार्यक्रमाचं नाव ‘शिट्टीआधी’. फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी दर आठवड्याला एक संघ घ्यायचा आणि तिघांनी मिळून त्याची बिनपाण्यानं करायची, एवढंच त्या कार्यक्रमाचं काम. डावीकडचे टकले तज्ज्ञ एके काळचे गोलकीपर, मधले चष्मेवाले आकड्यांचे, आणि उजवीकडचे दाढीवाले नुसतेच रागीट. त्या आठवड्यात पाळी सागरी युनायटेडची होती.

“बचावफळी?” निवेदिकेनं विचारलं.

“चाळण,” दाढीवाले म्हणाले.

“मधली फळी?”

“जेवून झोपलेली.”

“आणि राखीव गोलकीपर?”

चष्मेवाल्यांनी कागद उलटसुलट केला. “धनेश घरत म्हणून कोणी आहे.”

“धनेश कोण?” टकल्यांनी विचारलं.

“दोन वर्षांत चौदा मिनिटं खेळलाय.”

इथे ते तिघं हसले. निवेदिकाही हसली. आणि इकडे थळच्या अलीकडच्या एका आगरी गावात, धनेशचे वडील चांगदेव घरत सुकटीच्या कालवणाचा हात तसाच घेऊन ताटावरून उठले.

“धनेश कोन? जल्ला, धनेश कोन इचारतंय! नंबर काढ त्याचा. आता सांगतो त्याला धनेश कोन हाय तो!”

नेत्रा दारात उभी होती, कडेवर दहा महिन्यांची केसर. नेत्रा म्हणजे धनेशची बायको. बी.एस्सी. झालेली आणि डोळ्यांत तेल घालून जगणारी. गॅसचं बटण ती दोनदा बघायची, झोपलेल्या केसरचा श्वास चारदा, आणि नवऱ्याच्या सरावाच्या क्लिपा क्लबनं टाकल्या की त्या थांबवून थांबवून, कुठे लंगडत तर नाही ना म्हणून, मोजदादच नाही. सासऱ्यांनी चॅनेलला फोन लावला तर काय काय होईल याची पूर्ण यादी तिच्या डोक्यात अर्ध्या मिनिटात तयार झाली. म्हणून ती घाईघाईनं म्हणाली,

“बाबा, फोन नको. गुरुवारपर्यंत त्यांचं ॲपवर मतदान आहे. संघाचा हुकमी खेळाडू कोण ते लोकांनी सांगायचं. ज्याला जास्त मतं, त्याच्यावर तिघांना पाच मिनिटं बोलावंच लागतं, आणि त्याच्या घरी थेट फोन येतो. आपण आपलं एक मत देऊ की. झालं.”

हे बोलून होईपर्यंत तिला कळलं होतं की फोन परवडला असता.

कारण चांगदेव घरत मागच्या ग्रामपंचायतीला तीन मतांनी पडले होते, आणि तेव्हापासून मतदान हा शब्द त्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. ते हळूच खाली बसले. हात धुतला. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, “सूनबाई, एका मोबाइलला एकच मत क?”

रात्री धनेशचा सरावशिबिरातून फोन आला. तो कुजबुजतच बोलायचा, कारण खोलीत शेजारच्या खाटेवर टोंबा असायचा. टोंबा एकोणीस वर्षांचा, मणिपूरचा, तोही गोलकीपर. पहिल्या गोलकीपरची जागा ठरलेली. दुसरी एकच. शनिवारी यादी लागणार होती. टोंबा किंवा धनेश, दोघांपैकी एकानं बॅग भरायची.

“नेत्रा, बाबांना काही करू देऊ नको,” तो म्हणाला. “कोचला गाजावाजा अजिबात चालत नाही. गेल्या वर्षी एका विंगरनं रील काढल्या, तो अजून बाकावर आहे. शनिवारपर्यंत फक्त गप्प बसा. कुठे नाव गाजलं नाही तरच मी संघात राहीन.”

“कोण काय करतंय?” नेत्रा म्हणाली. बाहेर अंगणात चांगदेव चार जणांना गावाच्या वाड्या वाटून देत होते.

मंगळवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात टेबल आलं, टेबलावर चादर, चादरीवर मतदारयादी. यादी ग्रामपंचायतीचीच, फक्त नावापुढे मोबाइल नंबर लिहायला रकाना वाढवलेला. रस्त्यावर फ्लेक्स लागला: ‘धनेश कोण? आमचा धनेश!’ आणि खाली एकवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो, सगळे काळ्या चष्म्यात. टेम्पोवर भोंगा चढला. नेत्रानं भोंगा बंद करायला सांगितला, तर टेम्पोवाल्यानं आवाज कमी केला आणि तिच्याच नावानं घोषणा दिली.

“बाबा, त्यांनी नको म्हटलंय. जागा जाईल त्यांची!” ती तीनदा म्हणाली.

“अगो, जागा अशानं जात न्हाय. अशानंच मिलते,” चांगदेव म्हणाले. आयुष्यात एकदाही अशी जागा न मिळालेला माणूस हे अगदी छातीठोकपणे म्हणाला.

खरी अडचण वेगळीच निघाली. मत द्यायचं तर मोबाइलवर ओटीपी यायचा, आणि तो ॲपमध्ये टाकायचा. गावातल्या समस्त बायकांना बँकेतल्या साहेबांनी मागच्याच महिन्यात शपथ घातली होती, की ओटीपी देवालासुद्धा सांगायचा नाही. लावणीच्या शेतात बांधावर टेम्पो उभा राहिला, चिखलाचे हात पदराला पुसून बायकांनी मोबाइल काढले, ओटीपी आले, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांत पुढे खुद्द सोनूबाई, धनेशची आई.

“आये, नंबर सांग ना!” पोरं विनवत होती.

“न्हाय सांगायची. साहेबांनी सांगितलंय.”

“अगो, पोरगा तुझा हाय!”

“पोरगा माझा हाय, पन ओटीपी बँकेचा हाय.”

शेवटी नेत्राला बोलावणं गेलं. तिनं ठरवलं होतं की या भानगडीत पाय टाकायचा नाही. पण बांधावर अठ्ठावीस बायका मोबाइल छातीशी धरून उभ्या, आणि त्यांच्या मधोमध सासू तलवार धरल्यासारखी, हे बघून तिला असं काही हसू फुटलं की तिनं केसरला एका काकीकडे दिलं आणि चिखलात उतरली. “आई, मला सांगू नका. तुम्हीच टाका. मी डोळे मिटते.” मग एकेकीच्या पुढे ती डोळे मिटून उभी राहिली, आणि एकेकीनं पाठ फिरवून, आडोसा करून, एकेक आकडा टाकला. आठव्या बाईपर्यंत नेत्राच मोठ्यानं सांगत होती, “धनेश घरत, खालून दुसरं नाव!” नवऱ्याच्या पोटावर आपणच पाय देतोय हे तिला मधूनच आठवायचं, आणि पुढची बाई “आता क करू गो?” म्हणाली की ती पुन्हा हसत पुढे सरकायची.

बुधवारी दुपारी गुणाजी आले. चांगदेवांना तीन मतांनी पाडणारे ते हेच. त्यांच्या वाडीचे दीडशे मोबाइल अजून मत न देता खिशात होते.

“देतो,” गुणाजी म्हणाले. “पन फ्लेक्सवर माझा फोटू कुठं हाय?”

“बाविसावा लावतो.”

“गोल नको. उभा. धनेशच्या बाजूला.”

चांगदेवांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी दाढ उपटतंय. “कंबरेपर्यंत,” ते म्हणाले. “पाय दाखवायचे न्हाय.” तह झाला.

गुरुवारी सात वाजता सभामंडपात हळदीच्या समारंभातला मोठा पडदा लावलेला आणि समोर तीनशे माणसं. फोन नेत्राच्या नंबरावर येणार होता, कारण चांगदेवांनी ॲपवरच्या अर्जात ‘घरातील शिकलेली व्यक्ती’ म्हणून तिचं नाव टाकलं होतं. ती केसरला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली, आणि दर मिनिटाला मोबाइलची बॅटरी बघत होती.

निवेदिकेनं पाकीट फोडलं. तिच्या कपाळाला आठी पडली. “सागरी युनायटेडचा हुकमी खेळाडू, लोकांच्या मते, एकसष्ट टक्के मतं घेऊन... धनेश घरत.”

गावात जो गोंगाट झाला त्यानं थळपर्यंतची कुत्री उठली असतील. पडद्यावर मात्र तीन तज्ज्ञ एकमेकांकडे बघत होते. पाच मिनिटं बोलायचं होतं. आणि माहिती चौदा मिनिटांची.

“मी तर पहिल्यापासून म्हणत होतो,” दाढीवाले म्हणाले.

“आकड्यांच्या पलीकडचा खेळाडू,” चष्मेवाल्यांनी कागद बाजूला ठेवला.

“क्लिप बघू,” टकले म्हणाले. ते एकटेच थोडे लाजलेले दिसत होते.

सरावसामन्याची क्लिप लागली. गोलात एक काळ्या जर्सीतला पोरगा. पाठीवर नाव नाही, सरावाच्या जर्सीवर नसतंच. त्यानं डावीकडे झेप घेतली, चेंडू बोटांच्या टोकानं बाहेर घालवला, आणि सभामंडप उभा राहिला.

“बग, बग कसा हवेत उरला माझा पोर!” चांगदेव ओरडले. गुणाजींनी त्यांना मिठी मारली. सोनूबाईंनी पडद्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

नेत्रा एकटी खाली बसून राहिली. तो धनेश नव्हताच. तो टोंबा होता. खांदे वेगळे, उठण्याची तऱ्हा वेगळी. धनेश मागे होता, गोलाच्या जाळीपलीकडे, पिवळ्या बनियनमध्ये, बदली खेळाडूंच्या रांगेत.

“काय चपळाई!” दाढीवाले म्हणत होते. “हा घरत म्हणजे मांजर आहे मांजर!”

आता ही चूक शिबिरातला प्रत्येक माणूस बघत असणार. कोच बघत असेल. टोंबा, बिचारा, आपलीच झेप दुसऱ्याच्या नावावर जाताना बघत असेल, आणि शेजारच्या खुर्चीवर धनेश. गप्प राहिलं तर गाव खूश. बोललं तर तीनशे माणसांच्या तोंडचा पेढा काढून घेतल्यासारखं. तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल वाजला, केसरनं तो धरला, तोंडात घातला, आणि जिभेनंच उचलला.

“नमस्कार! धनेशच्या घरून कोण बोलतंय?” पडद्यावरून निवेदिका म्हणाली.

“बाबाबाबा,” केसर म्हणाली. आख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं.

नेत्रानं मोबाइल ओढून घेतला. “मी नेत्रा. धनेशची बायको. सर, तुम्ही दाखवताय तो धनेश नाही.”

चांगदेव अर्ध्या मिठीत थांबले.

“तो टोंबा आहे,” नेत्रा म्हणाली. “फार चांगला गोलकीपर आहे तो. ती झेप त्याची आहे, त्याचं नाव घ्या. माझा नवरा मागे आहे, जाळीच्या पाठीमागे, पिवळ्या बनियनवाला. तो चौदा मिनिटंच खेळलाय, तुमचा आकडा बरोबर आहे. पण ती क्लिप परत लावा ना, आणि तुमची बडबड... म्हणजे तुमचं बोलणं थांबवून मैदानातला आवाज मोठा करा. मी शंभर वेळा ऐकलीय ती.”

टकले पुढे झुकले. “लावा.”

आवाज मोठा झाला. वारा, बुटांचे आवाज, आणि त्या सगळ्यांवरून, जाळीमागून, एक खणखणीत आगरी हाक: “डावीकरं! डावीकरं बग! मागं सर, मागं... आता जा!” आणि बचावफळीतला पंजाबी गडी डावीकडे सरला. केरळचा मागे आला. चौघं एका दोरीनं ओढल्यासारखे हलले, म्हणून समोरच्याला एकाच कोनातून मारावं लागलं, आणि टोंबा त्या कोनात आधीच तयार होता.

“परत लावा,” टकले म्हणाले. परत लागलं. तिसऱ्यांदा लागलं. “अरे, बाहेर बसलेला माणूस आख्खी फळी चालवतोय! आणि तो पंजाबी त्याची भाषा कळून घेतोय!” ते हसले, पण हे हसणं सोमवारचं नव्हतं. “मी पंधरा वर्षं गोलात उभा होतो. हे शिकवता येत नाही. सोमवारी मी विचारलं होतं, धनेश कोण. ताई, माफ करा.”

“माझी चाळण मी मागे घेतो,” दाढीवाले पुटपुटले.

“मी घेत नाही,” चष्मेवाले म्हणाले. “माझ्या हिशोबानं संघ अजूनही शेवटून दुसरा.”

“बस खाली, चष्म्या!” सभामंडपातून कोणीतरी ओरडलं, आणि मग जो हशा सुटला तो आवरेना. चांगदेव गुणाजींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते की रडत होते, ते दोघांनाही ठरवता आलं नसतं.

नेत्रा मात्र केसरला घेऊन देवळामागे गेली आणि भिंतीला टेकली. हसणं ओसरल्यावर भीती तिथेच होती. गाजावाजा नको म्हणाला होता तो. आणि आपण काय केलं? साऱ्या राज्याला त्याचा आवाज ऐकवला. बॅग भरत असेल. माझं तोंड बघणार नाही.

दहा मिनिटांनी मोबाइल थरथरला. धनेश. पहिल्यांदाच कुजबुजत नव्हता.

“नेत्रा, जेवणाच्या हॉलमध्ये सगळे बघत होते. कोच मागे उभा होता, आम्हाला माहीतच नाही. कार्यक्रम संपला तसा आला आणि टोंबाच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, हा आवाज बाहेर बसवून मी दोन वर्षं फुकट घालवली. उद्या साडेचारचा सरावसामना, पहिला हाफ मी. आणि शनिवारी बॅग कोणीच भरायची नाही, तीन गोलकीपर ठेवतोय म्हणाला.”

नेत्राला ‘जेवलास का’ असं काहीतरी म्हणायचं होतं. तोंडून नुसता हुंदक्यासारखा आवाज आला, आणि केसरनं तो लगेच नक्कल करून काढला.

“ऐक,” धनेश म्हणाला, “यादी लागेपर्यंत कोणाला सांगू नको. अगदी कोणाला म्हणजे कोणालाच नाही. आईलासुद्धा नाही.”

“नाही सांगत,” नेत्रा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिनं डोळे पुसले, चेहरा सरळ केला, ओठ घट्ट मिटले. देवळाला वळसा घालून पुढे यायला बारा पावलं लागतात. सातव्या पावलाला ओठांची एक कड सुटली. दहाव्याला दुसरी.

समोर तीनशे माणसं तिच्याकडेच बघत होती. सोनूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि दोन्ही हात वर करून किंचाळल्या, “घेतला गो, माझ्या पोराला घेतला!”

“आई, नाही... मी काही बोलले का? अहो, कोणाला सांगू नका!” नेत्रा त्या गदारोळात जीव तोडून ओरडत होती. टेम्पोवाल्यानं भोंगा चालू केला होता, आणि तिचं ते ‘कोणाला सांगू नका’ समोर धरलेल्या माइकमधून किहीमच्या रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू जात होतं.