दंतनाथाची मशेरी

साठ सालची गोष्ट. पनवेल बंदरावर वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर दंतनाथ महाराज आणि त्यांच्यापुढे तोंड उघडून बसलेली हौसा.

"बघा रे बघा! हिरडी म्हणजे दाताची आई. आई रुसून खाली उतरली, लेकरू उघडं पडलं. काल मी आईची समजूत काढली. आज आली की नाही वर?"

खरंच आली होती. काल हौसाच्या खालच्या दातांची पिवळी मुळं दिसत होती. आज ती लाल, टरारलेल्या हिरडीत झाकली गेली होती. लोकांनी हात जोडले. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

मी गावातला दातांचा डॉक्टर. हौसाच्या मागे रंभाबाईचा नंबर होता. ही मिठागरात काम करणारी बाई. मशेरी घासून घासून तिच्या पुढच्या दाताची हिरडी पार उतरली होती. शेजारची हिरडी सरकवून उघड्या मुळावर शिवायची, असं ऑपरेशन त्याच सकाळी ठरलं होतं. हत्यारं उकळून मी दवाखान्याच्या दारात येरझाऱ्या घालतोय, आणि ही इथे! तिथे आणखी इजा झाली, तर शिवायला हिरडीच उरणार नव्हती.

"रंभाबाई, उठा आधी!"

"नाय डागतर. तुमी कापनार. म्हाराज नुसती मशेरी लावतान."

नुसती मशेरी! बायका रोज लावतात तीच भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणून कुणाला शंकाच येईना. मी हौसाजवळ वाकलो. ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोड, हनुवटी खाजवून लाल. मला एकदम परीट कपड्यांवर करतो ती काळी खूण आठवली.

"महाराज, ही मशेरी तुमच्या हिरडीला लावून दाखवा."

"आम्ही सिद्ध पुरुष. आमची आई रुसत नाही!"

लोक खो खो हसले, तेही मलाच. मी चिडून रुमाल पसरला. एका टोकाला गर्दीत पुढेच बसलेल्या गंगाबाईच्या डबीतली मशेरी काडीने दाबली, दुसऱ्या टोकाला महाराजांची. दोन्हींवर तिच्याच चंचीतला चुना लावला आणि थोड्या वेळाने रुमाल बादलीत खळखळून धुतला. गंगाबाईची मशेरी वाहून गेली. महाराजांचा डाग काळाकुट्ट, हलायचं नाव घेईना.

"अगो बया, ह्यो तं बिब्बा!" गंगाबाई ओरडली.

"बिब्बाच. परीट कपड्यांवर खूण करतो तोच; वर चुना लावला की डाग धुऊनही जात नाही. मशेरीत मिसळला की दिसत नाही. हौसाची हिरडी चढलेली नाही, बिब्बा उतून सुजली आहे. सूज ओसरून जखमा उघड्या पडतील, तेव्हा महाराज दुसऱ्या गावात असतील."

हौसाचा नवरा तुळशीराम महाराजांचीच डबी घेऊन पुढे झाला. "लावा. आमच्या म्होरं."

महाराजांनी तोंड घट्ट मिटलं. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही.

हौसाला मी दवाखान्यात नेऊन औषध दिलं. रंभाबाई मागोमाग आली, खुर्चीत बसली. पण तोंड उघडेना.

"आता तुमी सांगा. कुठं कापनार, किती दुखल, सगलं."

एवढं करूनही मलाच जाब? क्षणभर राग आला. मग लाज वाटली. बधिर करायची सुई, सुरी, धागा, एकेक दाखवून मी सगळं सांगितलं. "हिरडी पहिल्यासारखी येईलच असं नाही. आणि मशेरी सोडली नाहीत, तर हेही फुकट जाईल."

"म्हाराज तं बोलला, येनारच."

"मी तसं बोलू शकत नाही."

तिने पुन्हा एकदा सुई नीट बघून घेतली आणि तोंड उघडलं.

लोकहो, माझं मागणं एवढंच आहे. रंभाबाईने मला विचारलं, तसं प्रत्येकाला विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरलाही विचारा. जो उत्तर देत नाही, त्याच्यापुढे तोंड उघडू नका.